जावयाचा राघू

राग आला का मी बोलते, अन् बोलली का मोकळी होते. हे अल्लीपुरात, माह्या माहेरी, लहानथोरायले माहीत हाय. पण लाज आली का काय कराव, हे मले कोणी शिकवलं नाई. धोंड्याच्या महिन्यात माहेरून वापस आली तवापासून मी ही लाज घेऊन घरात फिरून राह्यली. स्वयंपाकात लक्ष नाई, झाडलोटीत लक्ष नाई. म्हणून म्हटलं, एकदा सांगूनच टाकते.

मी नलू. रूपराव पाटलाची पोरगी. लग्न होऊन दोन वर्सं झाली. सासर म्हणाल त् वर्ध्याले लागून सिंदी मेघे, दोन खोल्या अन् पुढं तुळस. आमचे हे, चंद्रभान, शाळेत विज्ञान शिकवतात. माणूस वाईट नाई, हे आधीच सांगून ठेवते. दारू नाई, पत्ते नाई, आवाज चढवणं नाई. एकच याड हाय, कम्प्युटरचं.

कम्प्युटर म्हटलं का तुमाले वाटन, कपाटाएवढं काहीतरी असन. मलेबी तसंच वाटलतं. यायच्या मावसभावानं विलायतेतून आणला अन् पिशवीतून काढला, त् पोळपाटाएवढा काळा डबा, वर रबराची बटनं. त्याले सोताचा पडदाच नाई! चित्र पाहाचं त् टीव्हीले जोडा. अन् तो बनवला विलायतेतल्या टीव्हीसाठी. आपला टीव्ही जे चॅनल पकडते त्यावर हा बोलतच नाई. अँटेनाच्या भोकात तार खुपसून हे दिवसचे दिवस बटन फिरवत बसले, पडद्यावर नुसत्या मुंग्या. शेवटी यायनं आमच्या लहान्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीचं मागचं झाकण उघडलं, आत कुठंतरी डाख देऊन तार बसवली, अन् चित्र आलं. घरात दिवाळी झाली.

"रंगीत मॉनिटर म्हणून वेगळी वस्तू असते," हे म्हणाले. "ती इकडे मिळत नाही. म्हणून टीव्हीचाच मॉनिटर करायचा."

"करा," मी म्हटलं. "मले रविवारी शिनेमा दिसला म्हणजे झालं."

मंग रोज शाळेतून आले का चहा घेता घेता बटनं दाबणं सुरू. बनवलं काय? राघू. फांदीवर बसलेला राघू, बटन दाबलं का चोच उघडते. टेपरेकॉर्डरच्या कॅसेटीत तो भरून ठेवला होता. कॅसेट लावली का किर्रर्र कर्रर्र असा कानाचे पडदे फाडणारा आवाज येते, अन् मंग पडद्यावर राघू येते. मले मोठ्या हौसेनं बोलावून दाखवला.

"हा हिरवा आहे," हे म्हणाले. "चोच लाल. गळ्याशी पट्टी आहे ना, ती जांभळी."

टीव्ही काळा-पांढरा. मले सगळं चुलीतल्या राखेसारखं दिसे.

"मले त् कावळा दिसते," मी म्हटलं.

तोंड उतरलं बिचाऱ्याचं. "कम्प्युटर रंग पाठवतो आहे, नलू. या टीव्हीला ते दाखवता येत नाहीत," असं मले समजावून सांगतलं, अन् राघू बंद केला. त्या दिवसापासून यायच्या मनानं एकच घेतलं. राघू एकदा रंगात पाहाचा. अन् रंगीत टीव्ही आमच्या वळखीत एकाच घरी होता, माह्या बाबाच्या.

दिल्लीत एशियाडचे खेळ झाले तवा बाबानं तो आणलेला. आमच्या भागात रंगीत तो एकच. रविवारी संध्याकाळी शिनेमासाठी आंगण माणसायनं भरते. टीव्ही बाबाचा असला तरी त्याचा खरा मालक लहानूकाका. लहानूकाका आमचा जुना सालगडी. मी रांगत होती तवापासून आमच्या घरी हाय. टीव्हीची खोळ काढणं, तिची घडी करणं, प्लग लावणं, बांबूवरची अँटेना फिरवत "आलं का? आता आलं का?" ओरडणं, हे सगळं त्याच्याकडं. दुसऱ्या कोणाले तो हात लावू देत नाई. चांगले चांगले लोक त्याले रस्त्यात थांबवून विचारत, "लहानूबुवा, आज काय हाय टीव्हीत?" अन् तो छाती काढून सांगे. जन्मभर दुसऱ्याच्या वावरात राबला माणूस. म्हातारपणी एवढी एक गोष्ट त्याले भेटली होती, का गाव त्याची वाट पाहे.

औंदा अधिक श्रावण आला, लग्नानंतरचा आमचा पहिलाच धोंड्याचा महिना. या महिन्यात जवाई म्हणजे देव. त्याचे पाय धुवा, अनारशाचं ताट त्याच्या हाती द्या, त्याच्या तोंडून निघन ते पुरवा. अन् त्याले वाकडा शब्द बोलाचा नाई, पाप लागते म्हणतात. बाबाचं बोलावणं आलं, तसा यायनं कपड्यायच्या आधी कम्प्युटर भरला. मागोमाग टेपरेकॉर्डर, कॅसेटी, पेचकस, डाख द्याची सळई, तारायचं भेंडोळं.

"जवाई जाऊन राह्यले का मिस्त्री?" मी विचारलं. हे नुसते हसले.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर यायनं बाबाले हळूच विचारलं, "टीव्ही थोडा उघडला तर चालेल का?"

"विचारता काय जवाईबुवा? टीव्ही तुमचा, घर तुमचं," बाबा म्हणाले. विषय संपला. लहानूकाकाचं तोंड मात्र एवढंसं झालं. त्यानं खोळ काढून दिली अन् झाकण उघडताना बाजूले उभा राह्यला, लेकराले सुई टोचताना माय उभी राह्यते तसा.

यायनं आत तार बसवली. प्लग लावाच्या आधी तो उलटा-सुलटा करून पाह्यला, टेस्टर लावून पाह्यला. मंग कम्प्युटरले हात लावला, त् झिणझिण्या आल्या. तशी एक लांब तार घेतली अन् कम्प्युटरापासून थेट आंगणातल्या हातपंपाच्या पाइपाले नेऊन बांधली. "आता काही होत नाही," म्हणाले. कॅसेट लावली. किर्रर्र कर्रर्र सुरू झालं. गोठ्यातली गाय उठून उभी राह्यली, तशी तिले पाहाले लहानूकाका बाहेर गेला.

अन् राघू आला. अगं माय! हिरवा! असा हिरवा का पावसानंतरचं तुरीचं पान. चोच लाल, गळ्याशी जांभळी पट्टी, मागं निळं आभाळ. मी ज्याले कावळा म्हणत होती तोच हा. मले एकदम भरून आलं. यायच्याकडं पाह्यलं त् हे पडद्याकडं पाहतच नव्हते, माह्याकडं पाहून राह्यलते.

खिडकीतून आवाज आला. "अय बाई! हिरवा कंच! अन् चोच पाहा, मिरची!"

लहानूकाका. यायले एवढा आनंद झाला का त्याले आत बोलावून बटनावर बोट ठेवाले लावलं. लहानूकाकानं दाबलं, राघूनं चोच उघडली. पुन्हा दाबलं, पुन्हा उघडली. मंग त्यानं हात मागं घेतला. "बस, बस. थकन तो." आम्ही तिघंबी पोट धरून हसलो.

संध्याकाळी आंगण नेहमीपेक्षा जास्त भरलं. बाबानं गावात निरोप धाडलता, शिनेमाच्या आधी जवायाचा राघू हाय. पण त्याच्याही आधी धोंड्याचं वाण द्याचं होतं. ओसरीवर पाट मांडले. एकावर हे, बाजूच्यावर मी. बाबा परातीत यायचे पाय धुऊन राह्यलते अन् लहानूकाका तांब्यानं पाणी घालून राह्यलता. माय औक्षणाचं ताट घेऊन उभी. तिच्या बाजूले सवाष्णी, शेजारची भागीरथाकाकू सगळ्यायच्या पुढं. टीव्ही अन् कम्प्युटर ओसरीच्या कडेले आणून मांडलते, पंपाची तार तशीच. कम्प्युटर चालू होता, राघू त्यात भरून ठेवलेला, नुसता टीव्ही लावाचा बाकी.

आंगणातून पोट्टे ओरडले, "लहानूबुवा, लावा नं लवकर!"

लहानूकाकानं तांब्या खाली ठेवला. हात धोतराले पुसले. खोळ काढली, तिची घडी केली, अन् प्लग उचलला.

यायनं मान वळवली. मी बाजूलेच होती, मी पाह्यलं. यायचे ओठ हलले. तेवढ्यात भागीरथाकाकूनं कुंकू लावाले हनुवटी धरली, अन् यायची मान सरळ झाली.

फट्टकन आवाज झाला. ओसरीवरचा दिवा गेला. टीव्हीच्या मागून ठिणग्या उडाल्या अन् कम्प्युटरातून निळा धूर निघाला. जळक्या रबराचा वास पसरला, पोट्टे किंचाळत पळाले. लहानूकाका मागच्या मागं भिंतीवर आदळला. देवाच्या दयेनं त्याले काही झालं नाई.

कोणीतरी कंदील आणला. बाबा परातीपासून उठले अन् लहानूकाकावर धावून गेले. "आंधळा हायेस का बे? कसा लावला प्लग?"

"रोजच्यासारखाच लावला, पाटील."

"मंग टीव्ही का आपल्या मनानं पेटला?"

मागून प्रेमदासबुवानं, गावातल्या जुन्या भजनकऱ्यानं, तोंड उघडलं. "रूपराव, मले वाटते, त्या डब्याची तार जे पंपाले बांधली..."

बाबानं त्याच्याकडं असं पाह्यलं का प्रेमदासबुवानं शब्द गिळला. सगळ्यायनंच गिळला. कालपर्यंत नीट चालणारा टीव्ही आज काऊन जळला, हे त्या आंगणात कितीकायले कळलं असन. पण जवाई पाटावर बसलेला. पाय परातीत, कपाळावर ओलं कुंकू. त्याच्याकडं बोट कोण करन? अन् बोट त् कुठंतरी जाच होतं. ते ज्याच्याकडं केलं तरी चालते, त्याच्याकडं गेलं.

लहानूकाका आपल्या हाताकडं पाहत उभा होता. "हात ओला होता," तो म्हणाला. "पाय धुवाचं पाणी घालत होतो ना... पुसला होता, पण ओला असन. हात ओला होता पाटील माहा."

"मंग झालं तर! गावाचा शिनेमा गेला अन् जवाईबुवाचं विलायती मशीन गेलं तुह्या ओल्या हातापायी," बाबा म्हणाले. "आजपासून टीव्हीले हात लावाचा नाई. सुधरून आला तरी नाई."

लहानूकाका यायच्या पुढं येऊन हात जोडून उभा राह्यला. "माफ करजा जवाईबुवा. लय चांगली वस्तू होती तुमची."

अन् आमचे हे काय म्हणाले? म्हणाले, "असू दे."

असू दे! मले वाटलं धरणी फाटाव अन् मी पाटासकट आत जाव.

बाया पांगल्यावर मी यायले माजघरात गाठलं. माहेरचं घर, भिंतीपलीकडं बाबा. ओरडताबी येईना. पदराचा बोळा मुठीत धरला अन् म्हटलं, "काय झालं ते खरं सांगा."

"टीव्हीच्या आतल्या पत्र्यात करंट असतो," हे खाली पाहत म्हणाले. "प्लग एका बाजूने लावला तर धोका नाही. उलटा लावला तर तो सगळा करंट मी जोडलेल्या तारेतून कम्प्युटरमध्ये येतो आणि पंपाच्या तारेने जमिनीत जातो. दुपारी मी बघून लावला होता."

"पण लहानूकाका त् म्हणतात, रोजच्यासारखाच लावला."

"बरोबर आहे. नुसत्या टीव्हीला प्लग कसाही लावला तरी चालतो. आज चालणार नव्हता, माझ्या तारांमुळे."

"अन् हात ओला होता ते?"

"हाताचा काही संबंध नाही."

"त्यानं प्लग उचलला ते तुमाले दिसलतं. मी पाह्यलं तुमच्याकडं. मंग ओरडले काऊन नाई?"

यायनं कपाळावरचं कुंकू चाचपलं. मंग म्हणाले, "ओरडणार होतो. पण तुझे बाबा खाली बसून माझे पाय धुताहेत, समोर एवढ्या बायका... अशात गड्याच्या नावाने ओरडायचं कसं, असं वाटलं. क्षणभरच वाटलं, नलू."

क्षणभर! तेवढ्या क्षणात म्हातारा मेला असता. अंगाची आग आग झाली माह्या. मी म्हटलं, "आत्ता जा अन् बाबाले सांगा."

"सकाळी सांगतो. बाबा त्याला सगळ्यांसमोर बोलले, तर सगळ्यांसमोरच सांगायला हवं."

हे मले पटलं. म्हटलं, चला, माणसाले लाज हाय. जेवताना मायनं यायच्या पानात अनारशावर अनारसे वाढले. "मशीन गेलं बिचाऱ्यायचं," म्हणून जो तो यायले आग्रह करे. लहानूकाका जेवाले आलाच नाई. गोठ्यात बैलाजवळ बसून होता. यायच्या घशाखाली घास उतरेना, अन् मी म्हटलं, नाई उतरत तेच बरं.

सकाळी बैल जुंपून दमणी दारात उभी राह्यली. जवाई निघताना घरातले सगळे त्याच्या पाया पडतात. शेजारपाजारचेबी आलते. माय पडली, बाबा पडले, भागीरथाकाकू पडली. सगळ्यायच्या मागून लहानूकाका आला. बापाच्या वयाचा माणूस. तो वाकला, तसे हे मागं सरकले.

"थांबा," हे म्हणाले. "मला सर्वांना काही सांगायचं आहे."

शाळेत प्रार्थनेनंतर बोलतात तसं, एक-एक शब्द सुटा करून बोलले. "काल जे झालं त्यात लहानूबुवांची काहीही चूक नाही. संपूर्ण चूक माझी आहे. तारा मी जोडल्या. धोका मला माहीत होता आणि मी त्यांना सांगितलं नाही. मी लहानूबुवांची आणि तुम्हां सर्वांची क्षमा मागतो."

मी बाबाकडं पाह्यलं. बाबाच्या डोळ्यात पाणी आलं. म्हटलं, सुटलो.

"पाह्यलं?" बाबा लोकायकडं वळून म्हणाले. आवाज भरून आलता त्यायचा. "पाह्यलं का? गड्याची चूक जवाई आपल्या अंगावर घेऊन राह्यले! सोताचं मशीन जळलं, वरून माफी मागून राह्यले! याले म्हणतात खानदान!"

"नाही, नाही, खरंच माझी—"

"बस जवाईबुवा, बस. तुमचं मन कळलं आमाले."

भागीरथाकाकूनं डोळ्याले पदर लावला. माह्या पाठीवरून हात फिरवत म्हणे, "नलू, नशीब काढलं बाई तू!" प्रेमदासबुवा मान हलवू लागला. काल त्याच्या तोंडी आलेली गोष्ट त्याले सोतालेच खोटी वाटू लागली असन. मायनं आत जाऊन आणखी एक नारळ आणला अन् यायच्या हाती दिला. हे जितकं म्हणत, "अहो, माझीच चूक," तितके लोक म्हणत, "वा!"

"बाबा! हे खरं बोलून राह्यले!" मी ओरडली. "लहानूकाकानं काहीच केलं नाई!"

"हो माय, आता तूबी घे अंगावर," बाबा म्हणाले, अन् सगळं आंगण हसलं. प्रेमानं हसलं, हेच त् वाईट.

अन् लहानूकाकानं यायच्या पायावर डोकं ठेवलं. नुसता हात नाई लावला, कपाळ टेकवलं. "देव माणूस," म्हणत होता. हे हातात नारळ धरून खांबासारखे उभे.

दमणी निघाली. लहानूकाका पुढं कासरा धरून, आम्ही दोघं मागं, मधात अनारशाचा डबा अन् जळलेल्या कम्प्युटरची पिशवी. वेशीबाहेर आल्यावर मी यायच्या तोंडाकडं पाह्यलं. लाज होती, खोटं कशाले बोलू? पण त्या लाजेच्या बाजूले आणखी काहीतरी होतं. परीक्षा देऊन आलेल्या पोराच्या तोंडावर असते तसं.

"मी तर सांगितलं," हे हळूच म्हणाले. "त्यांनी मानलं नाही, त्याला मी काय करणार?"

काल मले जे झालं त्याची लाज वाटली होती. आता मले यायची वाटली.

मी पुढं सरकून बसली. "लहानूकाका, माह्याकडं पाहा," मी म्हटलं. "माह्या गळ्याची आण घेऊन सांगते. तुमच्या हातानं काही झालं नाई. यायनं तारा तशा जोडल्या होत्या. यायले माहीत होतं अन् यायनं सांगतलं नाई. हे मोठेपणानं नाई बोलले. खरं तेच बोलले."

लहानूकाकानं कासरा सैल सोडला, मागं वळून पाह्यलं अन् हसला. "तुमीबी त्यायच्यासारख्याच निघाल्या बाई. जोडा शोभते."

"अरे देवा! मी खोटं काऊन बोलन तुमच्याशी?"

"खोटं नाई बाई. म्हाताऱ्याले बरं वाटाव म्हणून बोलून राह्यल्या. मले समजते." त्यानं आपला उजवा हात पुढं धरला, जसा कोणा दुसऱ्याचा हाय. "तीन वर्सं या हातानं प्लग लावला, कोरड्या हातानं. कधी काही झालं नाई. काल ओल्या हातानं लावला अन् झालं. आता यात समजाले काय हाय?"

त्याचं म्हणणं सरळ होतं. माहं करंट, पत्रा, पंपाची तार, हेच कोणालेबी खोटं वाटन. ज्या माणसाले सगळ्या गावानं सांगतलं का तू केलं, त्याले मी एकटी कुठून पटवू का तू नाई केलं? ते बोलाची वेळ होती तवा, प्लग उचलला तवा. नाईतर बाबा धावून गेले तवा. ती वेळ गेली अन् ते खरंबी गेलं.

बैलायच्या गळ्यातल्या घंट्या वाजत होत्या. थोड्या वेळानं लहानूकाका आपल्याशीच बोलल्यासारखा बोलला.

"टीव्हीचं काही नाई. तो सुधरन. मी मागं भिंतीले टेकून पाहीन, जवळ जाणार नाई. पण राघू लय चांगला होता बाई. दोनदाच दाबलं होतं मी. माह्या हातानं मेला तो."

यायच्या डोळ्यातून पाणी आलं. हे पुढं झुकले. "लहानूबुवा, मी पुन्हा सांगतो—"

"चूप बसा," मी म्हटलं. आयुष्यात पह्यल्यांदा मी यायले दुसऱ्यासमोर अशी बोलली. "तुमी बोलले का मोठेच होता. आता एक शब्द बोलू नका."

हे मागं सरकून बसले. मंग स्टँड आला.

एसटी उभीच होती. मी अनारशाचा डबा घेऊन आत चढली, हे माह्या मागून खिडकीशी बसले. पिशवी दमणीतच राह्यलती. लहानूकाका ती घ्याले वापस गेला. मी खिडकीतून पाहत होती. पिशवीले हात लावाच्या आधी तो थांबला. त्यानं दोन्ही हात धोतराले पुसले, मंग सदऱ्याले पुसले, उलटे-सुलटे करून कोरडे हायेत का पाह्यले. अन् मंग ते जळलेलं मशीन दोन्ही हातानं उचलून खिडकीतून यायच्या मांडीवर ठेवलं.